आधी भोंगा की आधी ओळ

विलास,

तुझी खुर्ची अजून रिकामी आहे, असं लिहायला बसलो होतो. पण ते खरं नाही. तुझ्या खुर्चीवर दुसऱ्याच आठवड्यात साहू मॅडम येऊन बसल्या, आणि कोणीतरी बसायलाच हवं होतं. भट्टी कोणासाठी विझत नाही. खरं आहे ते इतकंच, की मला भीती वाटते. पाळीवर निघताना हेल्मेट हातात घेतलं की वाटते. वाटेत भनपुरीला ट्रकांच्या मागे अडकून उभा राहिलो की वाटते, आणि प्लँटसाठी सिलतऱ्याकडे वळताना धुराचा वास आला की हात हँडलवर घट्ट होतात. तू होतास तेव्हाही हाच रस्ता होता आणि हाच धूर होता.

बीरगांवला तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मला बोलायला सांगितलं. वंदना झाली, एकामागून एक लोक उठून बोलले. तू मनमिळाऊ होतास, कष्टाळू होतास, अडीअडचणीला धावून जायचास. सगळं खरं. माझं नाव घेतलं तेव्हा मी उभा राहिलो, तुझ्या फोटोकडे पाहून हात जोडले आणि खाली बसलो. कोणीतरी म्हणालं, ‘राहू द्या, मास्तर लिहून देतील.’ मी मास्तर नाही हे तिथल्या अर्ध्या लोकांना ठाऊक नव्हतं. डब्याबरोबर पुस्तक आणतो म्हणून तू ते नाव ठेवलंस आणि ते प्लँटच्या गेटपासून तुझ्या मोहल्ल्यापर्यंत पसरवलंस. आता आपल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी हे लिहितो आहे. हळूहळू लिहितो आहे. तू मागे उभा असतास तर म्हणाला असतास, ‘लवकर कर ना बे, भट्टी विझली तं लिहिशील काय?’

मंडळातल्या ज्यांनी आपली कंट्रोल रूम पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. भट्टी म्हणजे आडवा पडलेला, सावकाश फिरणारा लोखंडी नळा. त्यात एका टोकाने खनिज आणि कोळसा जातो, दुसऱ्या टोकाने स्पंज आयर्न, म्हणजे पोलादाचा कच्चा माल, निघतं. आपण दोघं काचेमागे बसून ते सगळं कॉम्प्युटरच्या पडद्यावर पाहायचो. कुठे काही बिघडलं की पडद्यावर तळाशी एक लाल ओळ लुकलुकायला लागते आणि वर भिंतीवरचा भोंगा वाजतो. कीबोर्डवरचं एक बटन दाबलं की भोंगा थांबतो आणि ओळीचं लुकलुकणं बंद होतं. ओळ तिथेच राहते, लाल, पण शांत.

एवढंच. या एवढ्यावर आपण इतकी वर्षं भांडलो.

तुझं म्हणणं, आधी भोंगा बंद करायचा, मग बघायचं. माझं म्हणणं, आधी ओळ वाचायची, ती कळली की मगच बटनाला हात लावायचा. ते बटन दाबणं म्हणजे आपण त्या यंत्राला पावती देणं, की बाबा, तू सांगितलंस ते मला समजलं. न समजता पावती कशी द्यायची?

‘अबे मास्तर, वाचून काय राहिला? आधी त्या भोंग्याचं तोंड बंद कर ना!’

‘काय झालं ते तं पाहू दे.’

‘भोंगा वाजून राहिला की माणसाले दिसत नाही. कान भरले की डोळे बंद होतेत.’

‘अन् न पाहता बंद केलं की कॉम्प्युटरले वाटते, याले समजलं. तुले तं काहीच समजलं नसते.’

‘कॉम्प्युटरले काय वाटते बे? त्याले माह्यापेक्षा कमी समजते.’

एकदा तर हे भांडण तू माझ्या घरी, जेवणाच्या ताटावर नेलंस. माझ्या बायकोला साक्षीला धरलंस. ‘वहिनी, तुम्हीच सांगा. पोट्टं रडून राहिलं, तं आधी उचलतेत का आधी विचारतेत, काहून रडतेस बाबू म्हणून?’ मी म्हणालो, ‘उचललं की चूप होते. मग त्याचं दुखून काय राहिलं ते कोणी पाहतच नाही.’ तू घास हातात धरून माझ्याकडे बघत राहिलास आणि म्हणालास, ‘वहिनी, यानं पोट्टे वाढवले कसे?’ ती इतकी हसली की भाजी वाढायची विसरली. त्या दिवशी मी हरलो असं धरून चाललो होतो. पण तूच जाताना चपला घालता घालता म्हणालास, ‘पोट्ट्याचा मुद्दा तुहा बरोबर होता हं.’

सॉफ्टवेअर बसवणाऱ्या कंपनीचा माणूस पुण्याहून आला होता, ते आठवतं? आपण दोघांनी त्याला चहा पाजला, खुर्ची दिली आणि न्यायनिवाड्याला बसवलं. त्याने दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि म्हणाला, ‘दोन्ही चालतं.’ तू माझ्याकडे पाहिलंस, मी तुझ्याकडे. मग दिवसभर आपण दोघांनी मिळून त्याला नावं ठेवली. ‘ज्याले आपल्या सामानाचं वापरणं माहीत नाही, त्यानं ते बनवलं कसं?’ तू म्हणालास, आणि मी पहिल्यांदाच तुझ्याशी पूर्ण सहमत झालो.

होता होता काय झालं, की आपण भांडत राहिलो आणि काम मात्र वाटून घेतलं. कोणी ठरवलं नव्हतं. भोंगा वाजला की तुझं बोट बटनावर पडायचं. मी ओळ मोठ्याने वाचायचो, बातम्या द्याव्यात तशी. तू ‘हव’, म्हणजे हो, म्हणायचास. ते ‘हव’ ऐकलं की मी माउसने जे सुरू करायचं ते सुरू करायचो, आणि तू वॉकीटॉकीवर खाली सांगायचास. तुझं बोट, माझं वाचन, तुझं ‘हव’, माझा हात. बाहेरून पाहणाऱ्याला वाटलं असतं एकच माणूस काम करतो आहे. तुला वाटायचं तुझी पद्धत चालू आहे. मला वाटायचं माझी.

तुझ्या शेवटच्या पाळीला आपलं पुन्हा तेच चाललं होतं. धूळवादळ येऊन गेलं होतं, वीज लपंडाव खेळून गेली होती, आणि पडद्यावर लाल ओळींची रांग लागली होती. तू पटापट बटन दाबत गेलास. मी म्हणालो, ‘या गर्दीत एक कामाची ओळ असली, अन् तू तिलेही बाकीच्यांसोबत चूप केली, तं?’ तू डबा उघडत होतास. म्हणालास, ‘याच्यावर माह्याजवळ एक असा मुद्दा आहे मास्तर, तू गप्पच बसशील. पण आता नाही. आता भूक लागून राहिली. उद्या सुट्टी आहे, परवाच्याले सांगतो.’

दुसऱ्या दिवशी तुझी सुट्टी होती. सकाळी तू बीरगांवच्या बाजारात भाजी घेत होतास, आणि टमाटर निवडता निवडता खाली बसलास. लोकांना वाटलं, खालच्या टोपलीतले पाहतो आहे.

नंतर कळलं की कितीतरी दिवस तुझी छाती जळजळत होती आणि तू गोळी खाऊन कामावर येत होतास. हे ऐकल्यापासून एक वाक्य माझ्या मनात येतं आणि मी ते हाकलतो. ते काय वाक्य आहे तुला समजलंच असेल. आधी बंद केलंस, पाहिलं नाहीस, असं काहीतरी. ते लिहायला फार सोपं आहे आणि वाचणारेही मान डोलावतील. पण मी ते म्हणणार नाही. मी तुझ्याजागी असतो तर मीही गोळीच खाल्ली असती. घरात लग्नाची मुलगी, पाळीला माणूस कमी, छातीत जळजळ कोणाला होत नाही? असा वाद मला जिंकायचा नाही, विलास. आणि तुझा तो मुद्दा तू मला अजून सांगितलेला नाहीस, हे विसरू नकोस. मी अजून गप्प बसलेलो नाही.

आता त्या दिवसाचं सांगतो, ज्यासाठी हे सगळं लिहिलं.

दुपारची पाळी होती. साहू मॅडम तुझ्या खुर्चीवर, मी माझ्या. मॅडम दुसऱ्या एका प्लँटमधून आल्या आहेत, काम जाणतात, बोलणं मोजकं आणि स्पष्ट. भोंगा वाजला. मी ओळ वाचली, मोठ्याने, नेहमीसारखी, ‘कूलर वॉटर पंप ट्रिप.’

आणि थांबलो.

तुला सांगायला नको, पण वाचणाऱ्यांना सांगतो. ट्रिप म्हणजे पंप बंद पडला. भट्टीतून निघालेला लाल माल कूलरमध्ये जातो. कूलरवर बाहेरून सतत पाणी पडत असतं, म्हणून माल थंड होऊन खाली रबरी बेल्टवर पडतो. पाणी थांबलं तर गरम माल बेल्टवर येतो आणि बेल्ट पेटतो. बेल्टजवळ आपला हेल्पर धनसाय उभा असतो. करायचं एवढंच असतं की दुसरा पंप सुरू करायचा. माउसची एक टिचकी.

माझा हात माउसवर होता. भोंगा वाजत होता. मला ओळ दिसत होती, समजत होती, काय करायचं ते माहीत होतं. आणि मी वाट पाहत बसलो होतो. कशाची, ते मला तेव्हा कळलं नाही. मॅडम माझ्याकडे पाहत होत्या. त्यांना वाटलं, सरांनी इतकं शांतपणे वाचलं म्हणजे सर आता करतीलच. वॉकीटॉकीवर धनसायचा आवाज आला, ‘कंट्रोल, पानी बंद होगे हे का गा? भाप नइ दिखत हे.’ पाणी बंद झालं का, वाफ दिसत नाही. तरी मी तसाच. शेवटी मॅडमनी त्यांच्या पडद्यावरून पंप सुरू केला आणि हात लांब करून भोंगा बंद केला. त्या शांततेत त्या म्हणाल्या, ‘सर? तबीयत ठीक है ना आपकी?’

बेल्टवर थोडे चट्टे पडले. रबर जळल्याचा वास पाळी संपेपर्यंत होता. धनसायला काही झालं नाही. तो पाळी संपल्यावर वर आला, टोपी काढून घाम पुसला आणि म्हणाला, ‘आज तो डरवा दिए साहब,’ आणि हसला. मी हसलो नाही. मी किती वेळ बसून राहिलो ते मला सांगता येत नाही. कॉम्प्युटरमध्ये त्याची नोंद आहे. भोंगा कधी वाजला, बटन कधी दाबलं, सगळं. मी ती उघडून पाहिलेली नाही. माझी हिंमत होत नाही.

आपल्या भांडणात आपण हा विचार कधी केलाच नाही. तुझी पद्धत बरोबर की माझी, एवढंच पाहिलं. दोघांपैकी एक उठून गेला तर उरलेल्याजवळ अर्धीच पद्धत उरते, हे तुझ्याही ध्यानात आलं नाही आणि माझ्याही.

मॅनेजर साहेबांनी बोलावलं. रागावले नाहीत. म्हणाले, ‘आप दोनों बहुत साल साथ थे, समझता हूं. दिन की ड्यूटी में आ जाइए, रिपोर्ट बनाइए. सोमवार तक बता दीजिए.’ ऑफिसात पंखा आहे, खिडकी आहे, भोंगा नाही. मी तिथेच हो म्हणणार होतो. घरी आल्यावर बायकोही म्हणाली, हो म्हणा. ती इतक्या लवकर म्हणाली की मला समजलं, तिलाही कधीपासून भीती वाटत होती.

रविवारी तुझ्या लॉकरमधलं सामान घेऊन तुझ्या घरी, वहिनीकडे गेलो. हेल्मेट, गमछा, चष्म्याची जुनी फ्रेम. वहिनीने चहा ठेवला. आत कुकर होता, त्याची शिट्टी झाली आणि वहिनी बसल्या जागी दचकली. मग स्वतःशीच हसली.

‘भाऊजी, हे असते तं आतापर्यंत उठले असते गॅस बंद करायले. पहिली शिट्टी झाली की बंद. दाळ कच्चीच राहे. मी म्हणो, अहो, तीन तं होऊ द्या. म्हणेत, तू नंतर पुन्हा लाव, पण आता मले हा आवाज नको.’

‘काहून?’ मी विचारलं.

‘भेव वाटे त्याइले आवाजाचं. कामावरून आले की अजूनच. दारावरची बेलही काढून टाकली होती, तुम्हाले माहीत नाही? तुम्ही तं कडीच वाजवता.’

मी कडीच वाजवतो. तुझ्या दाराला बेल नाही हे मी इतक्या वर्षांत कधी पाहिलं नव्हतं. मी तुला बिनधास्त समजत होतो, विलास. भोंगा वाजताच बोट मारणारा, डबा उघडणारा, चेष्टा करणारा माणूस. आणि तू मला थंड डोक्याचा समजत होतास, कारण मी भोंग्याखाली बसून शांतपणे वाचायचो. मी शांत नव्हतो. जोवर वाचतो आहे तोवर काही करावं लागत नाही, म्हणून मी वाचायचो. करायची मला भीती वाटायची. तुझं ‘हव’ आलं की ती थोडी कमी व्हायची. तुला ऐकायची भीती आणि मला करायची. दोन भित्री माणसं इतकी वर्षं सॉफ्टवेअर कसं वापरावं यावर तावातावाने बोलत होती, आणि एकानेही दुसऱ्याला सांगितलं नाही.

तुझा तो न सांगितलेला मुद्दा हाच होता का? मला माहीत नाही. कदाचित नसेलही. तू पोट्ट्याचंच दुसरं काहीतरी उदाहरण काढलं असतंस.

वहिनीने विचारलं, ‘भाऊजी, तुम्हाले नाही वाटत भेव, तिथं जायचं?’

‘वाटते,’ मी म्हणालो. हे मी पहिल्यांदाच मोठ्याने बोललो. वहिनीने मान हलवली आणि चहात अजून थोडी साखर घातली. जा म्हणाली नाही, नका जाऊ म्हणाली नाही. तिच्यापुरतं ते नेहमीचंच होतं. तिच्या घरातून एक भ्यालेला माणूस रोज डबा घेऊन पाळीला जात होता.

सोमवारी सकाळची पाळी होती. बसल्याबरोबर मी साहू मॅडमना सगळं सांगितलं. तुझं बोट, माझं वाचन, तुझं ‘हव’. त्या दिवशी मी त्या ‘हव’साठीच थांबलो होतो, तेही. मला वाटलं होतं त्या म्हणतील, ठीक आहे सर, बटन मी दाबते, ‘हव’ मी म्हणते. मी त्यासाठीच सांगत होतो, लपवत नाही. पुन्हा तसंच जमलं तर बरं, असं मनात होतं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, ‘और जिस दिन मैं छुट्टी पर रही, सर?’



‘एक अलार्म आपका, एक मेरा,’ त्या म्हणाल्या. ‘जिसका है, वो अकेला सब करेगा. बंद भी वही, पढ़ना भी वही, पंप भी वही. दूसरा हाथ गोद में रख के बैठेगा. बस गलती होते दिखे तो बोलेगा.’

‘मुझे डर लगता है, मॅडम.’

‘मुझे भी लगता है. उस दिन मेरे भी हाथ कांप रहे थे. आपने देखा नहीं, आप स्क्रीन देख रहे थे.’

पहिला अलार्म त्यांचा आला. मी हात मांडीवर ठेवले आणि ते हात माझेच आहेत की नाहीत असं वाटत राहिलं. दुसरा बराच वेळ आला नाही. वाट पाहताना मला वाटलं, आत्ता उठून साहेबांकडे जावं आणि रिपोर्टला हो म्हणावं. जिना उतरायला कितीसा वेळ लागतो. मग भोंगा वाजला. हा अलार्म माझा होता. कोळसा आत फेकणारा ब्लोअर बंद पडला होता. पडद्यावरचा बाण ब्लोअरच्या चित्रावर ठरेना. मॅडम हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. बाण ठरला. मी टिचकी मारली. ब्लोअरचं चित्र लालचं हिरवं झालं आणि खालून आवाज आला, ‘चालू होगे साहब.’

मी आधी भोंगा बंद केला की आधी ओळ वाचली, ते तुला सांगणार नाही. तू लगेच डबा बाजूला ठेवून उड्या मारशील, नाहीतर तोंड पाडशील.

जेवणाच्या सुट्टीत साहेबांना सांगून आलो, अजून काही दिवस पाळीतच राहतो म्हणून. परत आलो तेव्हा दोन कप चहा आला होता. मॅडमनी एक माझ्याकडे सरकवला आणि म्हणाल्या, ‘सर, बुरा मत मानिएगा. अलार्म आपने ठीक संभाला, लेकिन तरीका गलत है आपका.’

‘काहून?’ मी म्हणालो. हिंदीत विचारायचं राहूनच गेलं.

त्यांना ते समजलं. त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली आणि काहून ते सांगायला लागल्या.